बुलडोझरला सुट्टी

राजाराम शेलारांनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नव्हतं. रस्तेखात्यात मुकादम असताना सरकारी खडीची एक पाटीसुद्धा त्यांनी स्वतःच्या अंगणात टाकली नाही, आणि ज्यांनी टाकली त्यांना ती परत भरून न्यायला लावली. असा हा नाकासमोर चालणारा माणूस ऐंशीच्या उंबरठ्यावर, सातासमुद्रापलीकडे, मिशिगनमधल्या नोव्हायच्या शिवेवर पोलिसांच्या गराड्यात सापडला, आणि तोही हातात हळदकुंकवाचं तबक घेऊन. शेलारांच्या सात पिढ्यांत कुणाचा पोलिसांशी संबंध आला नव्हता. आला तो थेट अमेरिकेच्या.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या दसऱ्याची. त्याआधीच्या वर्षी त्यांच्या पत्नी सुमित्राबाई गेल्या, साताऱ्याकडच्या घराला कुलूप लागलं आणि प्रल्हादनं वडिलांना नोव्हायला आणलं. प्रल्हाद तिथल्या एका मोटार कंपनीत गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा. स्वभावानंही तो ब्रेकच होता. घरात कुणी काही करायला निघालं की हा आधी पाय दाबणार. त्याची बायको शरयू ॲन आर्बरला एका प्रयोगशाळेत होती. तिचं आणि सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, मात्र पहिल्या दिवसापासून जमलं होतं. तिनं मागच्या अंगणात झेंडू लावले, आबांनी त्यांना आळी करून दिली, आणि सबंध वसाहतीत रेघ ओढल्यासारखी सरळ आळी तेवढी शेलारांच्या घरामागे दिसू लागली.

सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि प्रल्हादचा ब्रेक कायमचाच दाबलेला राहिला. गाडीवर अमेरिकेचा झेंडा लागला. दुकानात मराठी बोलायचं ते हळू, असं ठरलं. डोक्याला फेटा बांधून बाहेर पडायचं नाही, कारण पगडी बघून माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या येत होत्या. पुढे टपालातून विषारी पावडर येऊन माणसं दगावल्याचं ऐकल्यावर तर त्यानं आबांना पत्र उघडायचीही बंदी केली. आबांना हे सगळं कळत होतं. पटत नव्हतं ते एवढंच की ज्यांच्या बरोबरीनं आपण लढलो त्यांच्याच गावात आपण अंग चोरून का चालायचं.

"मी यांच्याच बाजूनं होतो रे लढाईत," ते एकदा म्हणाले.

"आबा, ते तुम्हाला माहितीये. त्यांना नाही ना माहीत," प्रल्हाद म्हणाला. "मी फ्लाइटचं बुकिंग होल्डवर ठेवलंय. एक जरी इश्यू झाला, तर नोव्हेंबरात तुम्ही साताऱ्याला. मला रिस्क नकोय."

गावाला जायला आबांची ना नव्हती, गाव काय परकं होतं का? पण पलटणीतून नाव कापून घरी धाडलेल्या शिपायासारखं, लपतछपत, तोंड खाली घालून जायचं, हे त्यांच्या काळजाला लागलं. शिवाय त्या कुलूपबंद घरात आता त्यांना चहाला हाक मारणारं कुणी नव्हतं. इथे शरयू होती.

आता आबांची लढाई म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यांचं गाव असं होतं की ज्या घरातून पलटणीत माणूस गेला नाही त्या घरात मुलगी देताना लोक विचार करायचे. अठराव्या वर्षी राजाराम भरती झाला, खडकीला सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे पलटणीतला कामकरी शिपाई, पूल बांधणारा, रस्ता काढणारा, सुरुंग लावणारा. तिथून तो गेला ब्रह्मदेशाच्या जंगलात. जपान्यांनी जुनी वाट अडवली होती म्हणून आसामातून डोंगर फोडून चीनपर्यंत नवा रस्ता चालला होता. पुढे बुलडोझर अमेरिकनांचे, आणि ते चालवणारे बहुतेक काळे शिपाई. मागून मोऱ्या आणि पूल बांधत येणारी आपली माणसं. चिखल गुडघ्याएवढा, जळवा बोटाएवढ्या. एक पूल उभा राहिला की राजारामची तुकडी शिवाजी महाराजांचा जयजयकार करायची, आणि त्याचा अर्थ न विचारता बुलडोझरवरची अमेरिकन पोरंही बरोबरीनं ओरडायची.

चव्वेचाळीस साली त्या जंगलात खंडेनवमी आली. नवरात्रातल्या या दिवशी आपल्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात, हे सांगायला नकोच. सुभेदारांनी पहारी, फावडी, टिकाव ओळीनं मांडून घेतले. शेजारीच अमेरिकनांचा बुलडोझर उभा होता. त्याच्याच जिवावर आपण पुढे चाललोय, मग त्याला वगळायचं कसं? झाडाला लागलेली रानफुलं ओवून त्याला हार घातला, पात्याला कुंकू लावलं, पट्ट्याखाली लिंबू ठेवलं. आणि एकदा पूजा झाली की त्या हत्याराला दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हेही त्या काळ्या शिपायांना खुणांनी आणि मोडक्या हिंदीत समजावलं. महिनोन्‌महिने एक दिवस सुट्टी न मिळालेली ती माणसं. त्यांना हा धर्म एका मिनिटात पटला. त्यांचा गोरा कॅप्टन पाय आपटत राहिला, पण देवाच्या नावानं मिळालेली सुट्टी तो तरी कशी मोडणार? त्या दिवशी सगळ्यांनी मिळून डब्यातले पीच आणि गूळ खाल्ला.

हा सगळा प्रसंग प्रल्हादनं लहानपणी इतक्यांदा ऐकला होता की तो आता ऐकूच यायचा बंद झाला होता.

तर त्या वर्षी नोव्हायला खंडेनवमी उजाडली. आबांनी पहाटेच गराज झाडून काढलं. गवत कापायचं यंत्र, बर्फ उडवायचं यंत्र, स्क्रू ड्रायव्हरचा संच, शरयूचा मिक्सर, सगळं मांडून झालं. दोन्ही गाड्यांच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, चाकांखाली लिंबं गेली. शरयूनं त्या दिवसासाठी रजा टाकली होती. प्रल्हाद बाहेर आला, घड्याळाकडे पाहिलं, नॅपकिननं स्वस्तिक पुसलं आणि मीटिंग आहे म्हणून गाडी काढून निघून गेला. लिंबाचा चट्टकन आवाज झाला.

आबांनी चिरडलेलं लिंबू उचललं आणि तबक हातात घेतलं. तबकात हळदकुंकू, उरलेला झेंडूचा हार, गूळखोबरं आणि एक लिंबू होतं. वसाहतीच्या मागे, नोव्हायची हद्द संपून शेजारची टाउनशिप सुरू होते तिथे, रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. दोन दिवस पावसानं ते बंद होतं, आणि चिखलात एक पिवळा बुलडोझर एकटाच उभा होता. आबा रोज फिरताना त्याच्याकडे बघायचे. घरच्या गाडीनं पूजा मोडली, निदान याची तरी पाळली जाईल, असं त्यांच्या मनात आलं. कुणाची परवानगी घ्यावी हे आलं नाही. पूजेला परवानगी लागते असं त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

शेवटचा हार पात्यावर टाकून ते हात जोडत होते तेव्हा रस्त्यावरून धावायला निघालेल्या एका बाईनं ते पाहिलं. लोकरी टोपी घातलेला सावळा म्हातारा, सरकारी कामावरचं यंत्र, आणि त्यावर शिंपडलेली लाल-पिवळी पावडर. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं फोन लावला. तिचंही चुकलं असं म्हणता येणार नाही, ते दिवसच तसे होते.

आधी पोलिसांची गाडी आली, मग आगीचा बंब आला. बंबातून अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं उतरली. एका तरुण अधिकाऱ्यानं लांबूनच, पण सभ्यपणे, पावडर कसली ते विचारलं. आबांनी सावधानमध्ये उभं राहून आधी आपलं नाव, हुद्दा आणि पलटण सांगितली. मग पावडरीचं उत्तर म्हणून चिमूटभर हळद उचलून जिभेवर टाकली. समजावण्याचा याहून सोपा मार्ग त्यांना दिसला नाही. अधिकारी मात्र तीन पावलं मागे सरकला.

बंबाचा भोंगा ऐकून घरातून शरयू धावत आली. तिनं इंग्रजीतून नीट समजावलं, आपण प्रयोगशाळेत काम करतो हेही सांगितलं, आणि हे स्वयंपाकघरातलंच सामान आहे याची हमी दिली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी नमुना घेतला, कसलीशी पट्टी बुडवून पाहिली, आणि वातावरण जरा सैल झालं. एवढ्यावर सगळं मिटलंही असतं. पण तोवर कंत्राटदाराचा फोरमन येऊन पोचला होता. रेजी त्याचं नाव, पन्नाशीचा धिप्पाड काळा माणूस. बर्फ पडायच्या आत डांबर घालायचं होतं, दोन दिवस पाण्यात गेले होते, आणि आता हा तमाशा. तो तणतणत बुलडोझरवर चढला आणि इंजिन सुरू केलं.

आबा चालत गेले आणि पात्यासमोर उभे राहिले.

"नो वर्क टुडे," ते म्हणाले. "टुमारो वर्क."

रेजीनं हात हलवून बाजूला व्हायला सांगितलं. अधिकाऱ्यानं दोनदा बजावलं. आबा हलले नाहीत. तेवढ्यात शरयूचा फोन मिळाल्यामुळे मीटिंग सोडून प्रल्हाद आला. गाडीचं दार उघडं टाकून चिखलातून बूट सांभाळत तो धावला. आधी अधिकाऱ्याची माफी मागितली, मग रेजीची, आणि मग वडिलांचा दंड धरला.

"आबा, प्लीज. बाजूला व्हा. ते अरेस्ट करतील तुम्हाला. कळतंय का?"

"तुझी गाडी तू काढलीस, मी बोललो नाही," आबा शांतपणे म्हणाले. "याला माझ्या हातचं कुंकू लागलंय. आज हा चालणार नाही. मला नेऊ देत."

प्रल्हादच्या तोंडचं पाणी पळालं. साताऱ्याचं तिकीट तर आता पक्कंच, वर वकीलही बघावा लागणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी वडिलांचा राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती. अधिकाऱ्यानं उसासा टाकला आणि कमरेच्या बेड्यांकडे हात नेला.

त्याच वेळी एक जुना पिकअप ट्रक येऊन थांबला. त्यातून काठी टेकत एक म्हातारा उतरला. ओटिस ग्रेव्ह्ज. रस्त्याचं काम करणारी, जवळच्या इप्सिलांटी गावची ती छोटी कंत्राटी कंपनी त्यानंच लढाईवरून परतल्यावर एका बुलडोझरवर सुरू केली होती. रेजी हा त्याचा मुलगा. कामावर पोलीस आलेत हे कळल्यावर म्हातारा घरी थोडाच बसणार होता! तो थेट बुलडोझरपाशी गेला. झेंडूचा हार पाहिला. पात्यावरचं कुंकू पाहिलं. काठीवर भार देत वाकला आणि पट्ट्याखालचं लिंबू पाहिलं. मग सरळ उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. ती छातीशी धरून तो आबांच्या समोर आला.

"आज इसको छुट्टी?" त्यानं विचारलं.

प्रल्हादला वाटलं आपल्याला भास झाला. आबांना तसलं काही वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी भरलं, आणि ते तसंच राहू देऊन त्यांनी उत्तर दिलं, जसं जंगलात दिलं असतं तसंच.

"पूरा छुट्टी. कल दशहरा. कल चलेगा."

"ठीक है," ओटिस म्हणाला, आणि वर बघून मुलाला सांगितलं, "रेजी, इंजिन बंद कर."

रेजीनं डांबराचं आणि बर्फाचं नाव काढलं. ओटिसनं त्याला बोलू दिलं आणि मग म्हणाला की कंपनी अजून माझी आहे, आणि ब्रह्मदेशात मला जी एकुलती एक सुट्टी मिळाली ती याच माणसांनी दिली होती. इंजिन बंद झालं.

त्यानंतर त्या चिखलात जे बोलणं झालं ते निम्मं इंग्रजीत, पाव हिंदीत आणि उरलेलं हातांनी झालं. ओटिसचा बुलडोझर आणि आबांच्या तुकडीनं पूजलेला बुलडोझर एकच का, हे दोघांनी बराच वेळ पडताळून पाहिलं. नद्यांची नावं निघाली, पूल निघाले, कॅप्टन निघाले. जुळेना. ओटिस बराच पुढे होता आणि त्याचा बुलडोझर पूजणारी आपलीच, पण वेगळी तुकडी होती. ओटिस जरा हिरमुसला. आबांनी हात झटकला आणि म्हणाले, असेना का, रस्ता तर एकच होता.

रेजी हे बघत उभा होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आपल्या बापानं ब्रह्मदेशात बुलडोझर चालवला, ही कहाणी तो जन्मापासून ऐकत आला होता, आणि तिच्यावर त्याचा पुरता विश्वास कधी बसला नव्हता. गावात तर कुणाचाच नव्हता. काळ्या शिपायानं लढाईत काय केलं असणार, भांडी घासली असतील, असं लोक तोंडावर म्हणायचे. ओटिसनंही मग सांगणं सोडलं होतं. आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून तोच चिखल, त्याच जळवा आणि तेच डब्यातले पीच निघाले होते. रेजी खाली उतरला, त्यानं हातमोजा काढला आणि आबांचा हात हातात घेतला.

पोलीस अधिकाऱ्यानंही बेड्या जागच्या जागी राहू दिल्या. जाताना शरयूनं पुढे केलेलं गूळखोबरं त्यानं खाल्लं. हळदीकडे मात्र शेवटपर्यंत संशयानंच पाहिलं.

घरी येताना प्रल्हादनं आपली गाडी तिथेच रस्त्याकडेला सोडली आणि वडिलांबरोबर चालत आला. शरयूनं चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं ट्रॅव्हल एजंटला फोन करून, "ते नोव्हेंबरचं बुकिंग कॅन्सल करा," एवढं सांगितलं आणि ठेवून दिला. मग वडिलांसमोर बसला.

"आबा, त्या रस्त्याचं सांगा ना. सुरुवातीपासून."

आबांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग सांगायला लागले, आणि शरयूनं संध्याकाळचा दिवा लावला तेव्हा ते कुठे पहिल्या पुलापर्यंत पोचले होते.

दसऱ्याच्या सकाळी प्रल्हादनं स्वतः ट्रंकेतला फेटा काढला. आबांची बोटं आता थरथरायची, म्हणून त्यांनी खुर्चीत बसून सांगायचं आणि त्यानं बांधायचं असं ठरलं. ब्रेकचा नामांकित इंजिनियर, पण फेटा काही केल्या जमेना. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा कानावर आला. आबा एरवी चिडले असते. आज डोळे मिटून बसून राहिले. शेवटी शरयूनं एक टोक धरलं आणि तुरा उभा राहिला. छातीवर ब्रह्मदेशातलं पदक लागलं, आणि तिघं जण भर रस्त्यानं, मोठ्यानं मराठी बोलत, बुलडोझरकडे निघाले.

तिथे रेजीची सगळी माणसं रांगेत उभी होती. आदल्या दिवशीचा पोलीस अधिकारी ड्यूटी नसताना आला होता, आणि त्याच्याकडून सगळं कळल्यावर फोन करणारी ती बाईही, हातात केक घेऊन, ओशाळून उभी होती. आबांनी तिला आधी प्रसाद दिला. इकडे आपटा कुठून मिळणार? पण ग्रंथालयासमोरच्या रेडबडच्या झाडाची पानं जवळजवळ आपट्यासारखी दिसतात आणि त्या दिवसांत पिवळीधमक झालेली असतात, हे शरयूनं हेरून ठेवलं होतं. आबांनी एक पान ओटिसच्या तळहातावर ठेवलं आणि दसऱ्याला सोनं देतात ते हेच, असं सांगितलं. ओटिसनं ते टोपीच्या पट्टीत खोचलं.

मग त्यानं काठी मुलाच्या हातात दिली. बुलडोझरवर चढणं त्यानं कधीच सोडलं होतं. आज रेजीनं खालून आणि प्रल्हादनं बाजूनं आधार दिला आणि म्हातारा जागेवर जाऊन बसला. आबांनी पट्ट्यासमोरच्या दगडावर नारळ फोडला. इंजिन धडधडलं, पातं उचललं गेलं, आणि जिथे जुना रस्ता संपत होता त्या रेषेपलीकडे बुलडोझरनं पहिली माती लोटली. पुढे ओटिस, मागून फेटा बांधलेले आबा, जसं त्या जंगलात होतं तसंच. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. काय चाललंय हे न कळताही कुणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला.

आबा ताठ चालत होते. तुकडीची जुनी घोषणा द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. तेव्हा त्यांच्या मागून आरोळी आली, अशी की लांबच्या गाड्यांतले लोकही काचा खाली करून बघू लागले.

"छत्रपती शिवाजी महाराज की..."

आबांनी वळून पाहिलं. ओरडणारा प्रल्हाद होता. आणि "जय" म्हणायला सगळ्यात आधी हात वर गेला तो बुलडोझरवरच्या ओटिसचा.